मी भरलेली मोटर

गणपती बोळवले की सुरतेतल्या आमच्या उधन्यात जळक्या वार्निशचा वास सुटतो. दिवाळीचा माल वेळेत निघायला हवा म्हणून लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने दोन्ही पाळ्यांत धडधडत राहतात, मोटरींना थंड व्हायला सवड मिळत नाही, आणि मग त्या जळतात. हातगाडीवरून, रिक्षातून, कधी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर दोरीने आवळून त्या आमच्या दारात येतात. पंचांगात या दिवसांना काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण आमच्या गल्लीत याला सीझन म्हणतात. वर आभाळ धुतल्यासारखं, ऊन डोळ्यांत खुपणारं, तापीचं पाणी अजून गढूळ, आणि दुकानाच्या पायरीशी जळक्या तांब्याच्या तारांचे गुंते.

यंदाही सीझन लागला. आज सकाळी पहिली मोटर उघडली, आतून तो कडू, घशाशी बसणारा वास आला आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून मी थोडा वेळ बसून राहिले. पाच वर्षांपूर्वी, याच दिवसांत, माझ्या दुकानात एकही मोटर येत नव्हती.

दुकान आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते पारोळ्याकडून सुरतेला आले लूम चालवायला, आणि लूमपेक्षा लूमच्या मोटरीतच त्यांचा जीव रमला. जळलेली मोटर उघडायची, आतली तार काढून टाकायची, नवी तार वेढे मोजून भरायची. मी महापालिकेच्या मराठी शाळेतून आले की दप्तर ठेवून वेढे मोजायला बसायची. भावाला ग्रीसचा वास सहन होत नसे. तो कामरेजला मोबाईलच्या दुकानात लागला. मला मात्र तो वास घरच्यासारखा वाटायचा. अजूनही वाटतो.

मग आण्णांच्या हातांना कंप सुटला. आधी चहाची बशी खणखणायला लागली, मग तार हातात ठरेना. त्यानंतर सहा वर्षं मी पडद्याआड बसून मोटरी भरल्या आणि आण्णांनी बाहेर काउंटरवर बसून त्या शेठलोकांच्या ताब्यात दिल्या. कारखानदार म्हणायचे, आण्णांचा हात म्हणजे हात! मी आत ऐकायची. मला फार वाईट वाटायचं असं नाही, काम तर माझंच असायचं. पण आण्णांना ते सलत होतं. त्या वर्षी गणपती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी एका शेठने त्यांची अशीच तारीफ केली, तेव्हा आण्णा अहिराणीतच म्हणाले, “हाई मोटर मी नही, मनी पोर भरस.”

आठवडाभरात ते वाक्य उधन्यातून लिंबायतला, लिंबायतमधून पांडेसऱ्याला पोचलं. दारातल्या मोटरी आटल्या. एक शेठ तर मुद्दाम विचारायला आले की मागच्या वर्षीची त्यांची मोटरही मीच भरली होती का. मी हो म्हटलं.

“चालली ना?” मी विचारलं.

“चालली. अजून चालते,” ते म्हणाले. “पण आता भरवसा नाही वाटत.”

त्या वाक्यावर हसावं की त्यांच्या अंगावर पक्कड फेकावी ते मला कळेना. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. शटर मात्र रोज वेळेवर उघडत राहिले. रिकामं टेबल पुसायचं, ओळीने पाने-पकडी लावायच्या आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचं. पडदा मी काढून टाकला होता. ज्याला मोटर भरताना बाई बघवत नाही त्याने तोंड फिरवून जावं, मी आत जाणार नव्हते.

अशा एका दुपारी ठाकोरभाई आले. वय सत्तरीला टेकलेलं, पांढरे केस, चष्म्याला दोरी. रिक्षातून उतरून त्यांनी एक गोणपाट पायरीवर ठेवलं. आयुष्यभर मोठ्या जहाजांवर इंजिनिअर होते, निवृत्त होऊन सुरतेला परतलेले. ट्रकचे सेल्फ, म्हणजे स्टार्टर, दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने त्यांना आमचा पत्ता दिला होता. आमचं सगळं बोलणं गुजरातीत झालं. इथे ते मराठीत लिहिते आहे.

“आण्णा कोण?” त्यांनी विचारलं. आण्णांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

ठाकोरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते, आता हेही वळणार. पण ते खाली बसले आणि गोणपाट सोडायला लागले. “बेन, ही नांगराची मोटर आहे,” ते म्हणाले.

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. त्यांची एक लहान शिडाची बोट होती, मगदल्ल्याला खाडीत बांधलेली. बोटीच्या नाकावर एक यंत्र असतं, विंडलास. त्याला खाचा पाडलेलं एक चाक. नांगराच्या साखळीच्या कड्या त्या खाचांत बसतात, मोटर चाक फिरवते आणि तळाशी पडलेला नांगर साखळीसकट वर येतो.

“आणि मोटर नसली तर?”

“तर माझी कंबर,” ते म्हणाले. “ती मोटरीच्या आधी गेली.”

मुंबईहून कोणी जाणकार येऊन बघून गेला होता. मोटर भंगारात टाका, नवं यंत्र परदेशातून मागवू, यायला काही महिने लागतील, असं सांगून गेला. ठाकोरभाईंना महिने नव्हते. ज्या धक्क्याला बोट बांधली होती तो दिवाळीपर्यंत रिकामा करून द्यायचा होता. तिथून बोट दमणच्या धक्क्याला न्यायची, तर वाटेत भरती-ओहोटीची वाट बघत नांगर टाकून थांबावंच लागतं. आपल्याकडचं पाणी भलतं ओढतं. अहमदाबादला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने तोवर गिऱ्हाईक शोधलं होतं. कामरेजच्या हायवेवर एका हॉटेलवाल्याला ती बोट दारात शोभेला ठेवायची होती, आत टेबलं मांडून.

“माझ्या बोटीत बसून लोक पावभाजी खाणार,” ठाकोरभाई म्हणाले.

“तीन दिवसांनी या,” मी म्हटलं.

ते गेल्यावर मोटरीकडे बघत मी नुसतीच उभी राहिले. आण्णा म्हणाले, “कसानी वाट दखी ऱ्हायनी? उघाड.”

लूमच्या मोटरीहून ती वेगळी होती, बॅटरीवर चालणारी, ट्रकच्या सेल्फच्या जातीची. झाकण काढलं तर आत मीठ. पांढरं, कडक, कोपऱ्याकोपऱ्यात बसलेलं. दांड्यावरचं ऑइल सील फाटून समुद्राचं पाणी आत शिरलं होतं. कार्बनचे ब्रश आपल्या खाचांत अडकून बसलेले, बेअरिंग गंजलेलं, तांब्याच्या पट्ट्यांवरचं वेष्टण जळून कोळसा झालेलं. मी सगळं गोड्या पाण्याने धुतलं, वाळवलं, पट्ट्या सोडवून पुन्हा टेपने गुंडाळल्या, वार्निश पाजून भट्टीत भाजल्या. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासत राहतात तो तांब्याचा गोल, लेथवर घासून आणला. तिसऱ्या दिवशी ट्रकच्या बॅटरीला जोडली तेव्हा ती अशी फिरली की आण्णांनी डोळे मिटून घेतले. मोटर ऐकताना ते तसंच करतात.

मग डोळे उघडून म्हणाले, “आपोआप जयनी, का कोनी जायी? ते पहिले सोध.”

आपोआप जळली की कोणी जाळली, मलाही तेच खुपत होतं. सीलमधून पाणी आलं हे एक झालं. पण तांबं ज्या रीतीने जळलं होतं ते नुसत्या पाण्याने जळत नाही. त्या मोटरीला कोणीतरी तिच्या ताकदीबाहेर राबवलं होतं. ठाकोरभाई आले, मोटर फिरताना बघून लहान पोरासारखे खूश झाले, आणि मी म्हटलं, “मला बोट बघायची आहे.”

“कशाला? मोटर तर चालते.”

“आज चालते. तुम्ही परत जाळाल.”

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “चाळीस वर्षं मी जहाजांची इंजिनं चालवली,” ते म्हणाले. “मला तू शिकवणार?” मोटर गोणपाटात घालून ते तडक निघून गेले. सीझनमधलं एकुलतं एक गिऱ्हाईक मी बोलून घालवलं होतं. आई आतून म्हणाली, तुला जीभ आवरता येत नाही. खरं आहे, येत नाही. पण जी मोटर पुन्हा जळणार हे मला दिसतंय ती हसत हसत ताब्यात द्यायची, आणि मग जळली की बाईनं भरली होती म्हणून ऐकून घ्यायचं? ते मी करणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकोरभाई पुन्हा दारात. हातात गोणपाट नाही. “चल,” ते म्हणाले. “दाखव मी कशी जाळतो ते.”

मगदल्ल्याच्या धक्क्यावर पाणी उतरलेलं होतं, बोट चिखलात एका अंगावर कलून बसली होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची, दिसायला नाजूक. तिथे छगनभाई तांडेल होते. तांडेल म्हणजे बोट चालवणारा माणूस; ठाकोरभाईंच्या सोबतीला ते वर्षानुवर्षं होते. मला बघून त्यांनी सरळ सांगितलं, “बेन, खालीच थांबा. साखळीत ओढणी गेली, हात गेला, तर मी कोणाला तोंड दाखवू?”

मी ओढणी काढली, घडी करून धक्क्यावरच्या दगडाखाली ठेवली आणि फळीवरून बोटीत चढले. दुसऱ्या दिवसापासून भावाचा जुना शर्ट आणि पँट घालून गेले.

बॅटरी बोटीच्या पोटात आणि यंत्र नाकावर, मधे जाडजूड केबल. बाहेरून केबल झकास दिसत होती. मी टोकाशी सुरीने चीर दिली तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. म्हणजे मोटरीपर्यंत पुरती वीज पोचतच नव्हती. अर्ध्या पोटाने तिला पूर्ण काम करायला लावत होते. मग मी विचारलं, नांगर वर कसा घेता?

“बटण दाबतो,” छगनभाई म्हणाले. “यंत्र साखळी ओढतं, बोट आपोआप नांगराकडे जाते.”

“इंजिन चालू करून बोट पुढे नेत नाही?”

“यंत्र आहे ना ओढायला.”

“यंत्र नांगर उचलायला आहे,” मी म्हटलं. “तुम्ही त्याच्याकडून एवढी बोट ओढून घेता, तीही तापीच्या पाण्याविरुद्ध.”

ठाकोरभाई साखळीकडे बघत राहिले. मोठ्या जहाजांवर ते यंत्र खोलीएवढं असतं, ते नंतर म्हणाले, त्याला काय ओढतोय हे कळतसुद्धा नाही. आणि मग, अगदी हळू, “मीच जाळली.”

चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने असं म्हणणं सोपं नसतं. मला तो माणूस त्या क्षणी आवडला.

पुढचे आठ दिवस मी रोज मगदल्ल्याला गेले. नवी केबल ओढली, टोकं पक्की दाबून त्यांवर ग्रीस थापलं, नवं सील बसवलं, भार फार झाला की वीज तोडणारा ब्रेकर आत बॅटरीपाशी लावला, साखळीचं चाक मोकळं सोडणारा क्लच सोडवून साफ केला. प्रत्येक वापरानंतर यंत्रावर गोडं पाणी ओतायचं, हे छगनभाईंकडून तीनदा म्हणवून घेतलं. दर वेळी ते तोंड वाकडं करून म्हणाले.

मग बाहेर नेऊन बघायचा दिवस आला. ओहोटी तळाला गेली तेव्हा आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. पलीकडे हजिऱ्याच्या चिमण्या धूर सोडत होत्या. मी सुरतेत जन्मलेली, पण डुमसला भजी खाण्यापुढे माझा समुद्राशी संबंध नव्हता. मला दोनदा उलटी झाली. छगनभाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. “परत फिरायचं?”

“नांगर टाका,” मी म्हटलं.

मी क्लच ढिला केला. साखळी खडखडत, ठिणग्या उडाव्यात अशा वेगाने खाली गेली. पुरेशी गेल्यावर क्लच आवळला आणि साखळीत एक आकडा अडकवून त्याची जाड दोरी नाकावरच्या खुंट्याला बांधली, म्हणजे बोटीचा भार दोरीने घ्यावा, यंत्राने नाही. तासाभरात भरती लागली. पाणी समुद्रातून आत धावायला लागलं, बोटीने नाक समुद्राकडे केलं आणि दोरी ताठ झाली.

वर घ्यायची वेळ झाली. ठाकोरभाई मागे सुकाणूवर, इंजिन पुढच्या गिअरमध्ये, हळू. मी आकडा सोडवला आणि पायाचं बटण दाबलं. मोटर गुणगुणायला लागली, साखळी कडीकडीने खाचांत बसत वर येऊ लागली. छगनभाई बादलीने तिच्यावरचा चिखल धूत होते. साखळी सरळ उभी झाली, म्हणजे आम्ही नांगराच्या बरोबर वर आलो. आणि तिथे बोटीच्या नाकाने खाली हिसका दिला, खट् असा आवाज आला आणि मोटर बंद पडली.

“गई!” छगनभाई ओरडले. “जळली मोटर!”

तेवढ्यात भोंगा वाजला. भरतीबरोबर कोळशाचा एक बार्ज, सपाट बुडाचं मालवाहू जहाज, आत येत होता, वळणावर त्याचं तोंड आमच्याकडे होतं. अंतर होतं, पण तो काही थांबणारा नव्हता. आम्ही बाजूला व्हायला हवं होतं, आणि आमचा नांगर तळाशी गाळात मानेपर्यंत रुतलेला.

“साखळी सोडून द्या!” छगनभाईंनी कमरेची सुरी काढली. साखळीचं शेवटचं टोक आत दोरीने बांधलेलं असतं; ती कापली की नांगर, साखळी सगळं तळाशी आणि बोट मोकळी. म्हणजे दमण संपलं, आणि हायवेवरचं हॉटेल.

मी मोटरीवर तळहात ठेवला. कोमट होती. वाकून नाक जवळ नेलं. चिखलाचा वास आला, मिठाचा, डिझेलचा. जळक्या वार्निशचा नाही. तो वास मला हजार वासांतून ओळखता येतो.

“हात लावू नका,” मी छगनभाईंना म्हटलं. “जळलेली नाही. आतला ब्रेकर पडलाय. पडायलाच हवा होता.”

त्यांनी सुरी खाली केली नाही, पण थांबले. मी आकडा पुन्हा साखळीत घातला, दोरी खुंट्याला दोन वेढे देऊन आवळली आणि मागे वळून ओरडले, “काका, इंजिन पुढे! अजून पुढे!” ठाकोरभाईंनी एकदा बार्जकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि इंजिन वाढवलं. बोट नांगराच्या पुढे सरकली. दोरी करकरली, नाक पाण्याकडे झुकलं, आणखी झुकलं. मला वाटलं खुंटाच उपटून येणार. मग खालून काहीतरी सुटलं आणि नाक उसळून वर आलं. बोटीच्या जोराने नांगर गाळातून निघाला होता.

छगनभाईंनी आत जाऊन ब्रेकर वर केला. मी आकडा सोडवून बटण दाबलं. मोटर पुन्हा गुणगुणली, आणि काळ्या चिखलाचा गोळा घेऊन नांगर वर आला. ठाकोरभाईंनी बोट उथळ बाजूला वळवली. बार्ज शेजारून गेला, त्यावरची माणसं कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होती. माझ्या तळहाताची साल दोरीने सोलून निघाली होती, ते मला तेव्हा कळलं.

ती बोट दिवाळीच्या आधी दमणला पोचली. अजून तिथे आहे. पावसाळा संपला की ठाकोरभाई फोन करतात, मी जाते, सील बघते, कार्बन बघते, क्लचला ग्रीस लावते. सुरतेतले काही शेठ पुढच्या वर्षी परतले, कोणाकोणाकडून बोटीची गोष्ट ऐकून. काही आलेच नाहीत. ज्यांना माझी मोटर नको त्यांच्याशिवाय माझं दुकान पाच वर्षं चाललं आहे आणि पुढेही चालेल. दारावरच्या पाटीवर आता माझं नाव आहे. रंगाऱ्याने विचारलं होतं, खाली आण्णांचं नाव लहान अक्षरांत घालू का, लोकांना बरं वाटतं. आण्णांनीच नको म्हटलं.

पण सीझन लागला की मला आठवतं ते यातलं काहीच नाही. आठवतो त्याच दुपारचा पुढचा अर्धा तास.

बार्ज गेला होता. ठाकोरभाई हसत होते, डोळे पुसत होते, घरी जाऊ म्हणत होते. छगनभाईंनी सुरी म्यानात घातली आणि मला म्हणाले, “नशीब चांगलं, बेन.”

सहा वर्षं पडद्याआड, महिनाभर रिकामं टेबल, आठ दिवस चिखलात, आणि हा माणूस म्हणतो नशीब. माझा हात सोलला होता, पण मी तिथून हलले नाही.

“काका, बोट थांबवा,” मी म्हटलं. “पुन्हा टाका नांगर.”

“आता? कशाला?”

“टाका.”

टाकला. बुडू दिला, रुतू दिला, आणि वर घेतला. या वेळी साखळी उभी झाल्याबरोबर मी बटण सोडलं, आकडा घातला, बोटीला तिचं काम करू दिलं, मग मोटरीला तिचं. ब्रेकर पडला नाही. मी म्हटलं, पुन्हा. तिसऱ्यांदा मी छगनभाईंना मागे ठाकोरभाईंजवळ बसायला सांगितलं आणि नाकावर एकटी उभी राहिले. साखळी कडीकडीने येत होती, पायाखाली मोटरीची थरथर लागत होती, समोरून वारा येत होता. नांगर वर येऊन जागेवर बसला.

“आता सांगा,” मी वळून म्हटलं, “यात नशीब कुठे होतं?”

छगनभाई उठून पुढे आले, बादली खाडीत बुडवून भरली आणि माझ्या पायाशी बसून नांगराचा चिखल धुवायला लागले. धुऊन झाल्यावर गोड्या पाण्याचा डबा आणला आणि यंत्रावर सावकाश ओतला, न सांगता. मग मान वर करून त्यांनी विचारलं,

“चौथ्यांदा टाकायचा, बेन?”

“टाका,” मी म्हटलं. “या वेळी बटण तुम्ही दाबा.”